बकरीचे पाय वर हायेत

पुस्तक छातीशी धरलेलं, त्याची पानं पोरांकडे. हनुवटी वर, नजर छपराच्या कवेलूंकडे, आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत. "आखीन काय?"

पोरगं म्हणायचं, "बकरी हाय." बोट जागचं हलायचं नाही. "आखीन काय?" "गवत हाय." "आखीन?" "खुंटा हाय." "आखीन?" मग पोरगं डोकं खाजवायचं, पुढं सरकायचं, चित्राला नाक लावायचं. "दोर हाय, पण सैल हाय. तिच्या कानावर माशी बसली हाय." तेव्हा कुठं ते बोट खाली यायचं. "हां. आता पाह्यलं तू. आतापावतर नुसता बोलून राह्यला होता."

हे आमचे गुरुजी. शिकवताना पुस्तकाऐवजी छपराकडे बघणारा मास्तर तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. पण आमच्या गुरुजींचं कारण वेगळं होतं, आणि ते मला कळायला चार दिवस लागले.

सीमेलगत, बेल्याजवळच्या एका गावात, दोन खोल्यांच्या मराठी शाळेत मी रुजू झाले तेव्हा आंध्र प्रदेश एकच होता आणि आमचं सगळं हैदराबादच्या हातात होतं. आमच्या घरातली ही पहिली नोकरी. आई तेव्हाही कापूस वेचायला जायची, आणि मी केशरी रंगाची कोरी साडी नेसून शाळेत निघाले होते. पहिल्या दिवशी गुरुजींसमोर उभी राहून हात जोडले. ते माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काही गरीब गाय नव्हे. वेचणारीची पोरगी म्हणून हा म्हातारा मला ओळख दाखवत नाही, असं मी मनात पक्कं केलं.

चौथ्या दिवशी मी तोंड उघडलंच. "गुरुजी, मी तीन दिवस हात जोडून राह्यली. तुमाले दिसत नाही का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं, वर उद्धटपणा! मग ते हसले आणि हळूच म्हणाले, "खरंच दिसत नाही, पोरी. काचबिंदू हाय. खिडकीचा उजेड दिसते, आन् समोर कोनी हाललं तर सावली दिसते. तू मुक्यानं हात जोडत जाऊ नको. तोंडानं बोलत जाय."

मी खाली बसले. इतकी लाज मला आयुष्यात दोनदाच वाटली, त्यातली ही एक. "कोनाले सांगतलं तुमी?"

"आता तुले. पोट्ट्यायले सांगा लागलं नाही, त्यायले माहीतच हाय."

खरंच पोरांना माहीत होतं. गुरुजी आपल्या घरून चालत यायचे तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद एक पोरगं धरून पुढं चालायचं. बघणाऱ्याला वाटायचं, काय लाडकं पोरगं आहे! त्या बंदासाठी पोरांची रोज भांडणं व्हायची. शेवटी गुरुजींनी पाळ्या लावून दिल्या. हजेरी ते आवाजावरून घ्यायचे. एकाच्या नावावर दुसऱ्यानं 'हजर' म्हटलं तर म्हणायचे, "बापा, तुह्या गळ्यात त्याचा आवाज कसा शिरला?" फळ्यावर लिहायचे त्या ओळी उतारावरच्या बैलगाडीसारख्या खाली खाली जायच्या. मग मी लिहू लागले.

"गुरुजी, घरी काऊन नाही बसत?" मी एकदा विचारलं. मी फटकळच.

एप्रिलअखेर त्यांची नोकरी संपणार होती. तेवढं वर्ष काढायचं म्हणून ते ओढत असतील, असा माझा हिशेब. पण त्यांनी मला वेगळंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक जुना विद्यार्थी शेताचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला होता. चांगला बाप्या झालेला, दोन लेकरांचा. म्हणाला, गुरुजी, यात काय लिहिलं आहे सांगा. "म्या म्हनलं, अरे, तू तर पुस्तक घडाघडा म्हनत होता! तर तो म्हनते, गुरुजी, म्हनत होतो. वाचत नव्हतो."

ही आमच्याकडची जुनी खोड. मराठी पुस्तकं हैदराबादहून दिवाळीच्या तोंडावर यायची, तीही पाच पोरांत एक. तोवर मास्तर म्हणणार, पोरं मागून म्हणणार. पुस्तक येईपर्यंत सगळं पाठ. मग एका पुस्तकाभोवती चारी बाजूंनी पोरं बसायची, आणि ज्याच्या वाट्याला पुस्तकाची उलटी बाजू आली तोसुद्धा बोट फिरवत तोच धडा खणखणीत म्हणायचा. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आलेला साहेब खूश, मास्तर खूश.

"इतकी वर्सं म्या पोट्टे बोलते केले," गुरुजी म्हणाले. "वाचता एक बी नाही केला. आन् हे ध्यानात आलं तवा माह्यावालेच डोळे गेले. आता पयलीचा हा एक वर्ग तरी खरा वाचता करून जातो. एप्रिलपावतर मले कोनी हालवू नये, बस."

तेव्हापासून ते बिंग न फुटू देणं हे माझंही काम झालं.

चित्रांची पुस्तकं मीच आणली. यवतमाळकडे माझी मावसबहीण शिक्षिका होती, तिच्या शाळेतून जुनी मिळाली. दोन गठ्ठे होते. एकात कोल्हे, ससे, राजे. दुसऱ्यात एकाच लेखिकेची सात पुस्तकं, चित्रंही तिनंच काढलेली. त्यात कोणी बोलणारा प्राणी नाही की परी नाही. एका पुस्तकात एक बकरी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकात बाजाराचा दिवस. एकात एक म्हातारी, तिची चूल, तिची कोंबडी, तिच्या टाचेच्या भेगासुद्धा. प्रत्येक पानावर एक मोठं चित्र आणि खाली एकच ओळ.

मला कोल्ह्याची आवडली होती. मी ती वाचून दाखवली तर गुरुजी म्हणाले, "कोल्हा बोलून राह्यला म्हनलं का संपलं. त्यात पोट्टं काय तपासन? हे बकरीचं ठेव. बकरी आपल्या गावात हाय."

मी खालच्या ओळी त्यांना आधीच वाचून द्यायला निघाले, तर अंगावर आले. "मले सांगू नको! मले माहीत असलं का म्या पोट्ट्यायच्या तोंडून तेच काढतो. मंग झालं पुन्हा पाठ." त्यांची रीत अशी: पोरांनी चित्रातलं सगळं सांगायचं. मग म्हणायचे, "आता खाली एक ओळ लिहिली हाय. तुमी सांगतलं त्यातलंच काहीतरी असन. शोधा." एकानं शोधलं की तेवढ्यावर भागायचं नाही. दुसऱ्याला बोलवायचे, तिसऱ्याला बोलवायचे. तिघांचं जुळलं की खरं. तिघांपैकी एकाचं जरी वेगळं आलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्गात शालू नावाची एक पोरगी होती. किडकिडीत, नाक वाहतं, आणि डोळे असे की त्यांच्यातून काही सुटायचं नाही. बकरीच्या चित्रात तिनं सांगितलं, "गुरुजी, हिच्या गळ्याखाली दोन लटकून राह्यले, डूलावानी." गजानन नावाचं एक भांडखोर पोरगं होतं, ते उसळलं, "झूट! बकरीले असं राह्यत नाही. चित्रवालीनं चुकवलं!"

गुरुजींचा चेहरा उजळला. दुसरा मास्तर असता तर दोन्ही पोरांना खाली बसवलं असतं. गुरुजी पुस्तक घेऊन उठले. "चाला. बकऱ्या तपासू."

तर अख्खी पहिली गावातून निघाली. पुढं पिशवीचा बंद धरलेलं पोरगं, मागं गुरुजी, त्यांच्या मागं चाळीस पाय. शाळेसमोरच्या गोदाबाईच्या बकरीला गळ्याखाली काही नव्हतं. गजानन नाचायला लागला. दुसऱ्या घरी नाही, तिसऱ्या घरीही नाही. शालूचं तोंड एवढंसं झालं. चौथ्या घरी मात्र बकरी मान वर करून उभी, आणि गळ्याखाली दोन डूल झुलताहेत! "हाय! हाय!" पोरांनी असा कालवा केला की घरधनीण पिठाच्या हातानं बाहेर धावली. तिला वाटलं, बकरी मेली.

एवढ्यात त्या बकरीनं गुरुजींच्या काखेतल्या पुस्तकाचा कोपरा खाऊन टाकला. शालूनं तेही सांगितलं, "गुरुजी, पुस्तकाचा कोपरा गेला." गुरुजी म्हणाले, "जाऊ दे. तिचंच पुस्तक हाय." पुढं कितीतरी दिवस पोरं त्या पानावर आली की म्हणायची, "बकरी हाय, गवत हाय, कोपरा नाही."

पौष महिन्यात एक नवे अधिकारी मुआयन्याला आले. तेलुगू माणूस, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. येणार हे आधी कळलं नव्हतं. मी शेजारच्या खोलीत होते. दारातून पाहते तर साहेब पोरांच्या मागं जाऊन बसलेले, गुरुजी पुस्तक छातीशी धरून उभे, आणि पुस्तक उलटं! मी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. इशारा करून उपयोग नव्हता. इशारा दिसणार कोणाला?

"काय हाय?" गुरुजींनी बोट वर केलं.

पोरांना साहेबाची धास्ती. पहिलं पोरगं म्हणालं, "बकरी हाय." दुसरं म्हणालं, "खाली गवत हाय." गजानन म्हणाला, "कोपरा नाही." सगळं नेहमीचं, सगळं पाठ. आता हे असंच निभावलं तर बरं, म्हणून मी मनात हात जोडत होते. साहेब मात्र मान वाकडी करून पुस्तकाकडे बघायला लागले होते.

तेवढ्यात शालू उठली. "गुरुजी, बकरीचे पाय वर हायेत. गवत आभाळात हाय."

 गुरुजींचं बोट हवेत तसंच राहिलं. त्यांना काय झालं ते कळायला एक क्षण लागला असेल, आणि तो एक क्षण मला वर्षासारखा गेला. मग ते गडगडाटी आवाजात म्हणाले, "शाब्बास! एकीनं पाह्यलं. बाकीचे पाठ केलेलं सांगून राह्यले! ये शालू, पुस्तक सरळ कर, मंग सांग."

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "वाह मास्टरसाब! जानबूझके उल्टा पकड़े! कौन देखके बोलता, कौन याद करके बोलता, एक मिनट में पकड़ लिए!"

आमचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथं आठवडाभरच राहिला. पुढच्या सोमवारी कागद आला: उटनूरला जिल्ह्यातल्या मराठी शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, तिथं गुरुजींनी हा पाठ करून दाखवावा.

"तब्येत बिघडली म्हनून कळवू," मी म्हणाले. "एप्रिलले तीन महिने राह्यले, गुरुजी. तिथं अनोळखी हॉल, पायऱ्या, इतके लोक. कायले जीव धोक्यात घालता?"

"पोट्ट्यायले म्हनतो, जे हाय तेच सांगा. आन् मी तापाचं सोंग करू?" एवढं बोलून ते पिशवी शोधायला लागले. पिशवी त्यांच्या खांद्यावरच होती.

उटनूरला बसमधून उतरल्यापासून पिशवीचा बंद मी धरला. हॉल भरून मास्तर मंडळी, पुढच्या रांगेत तेच साहेब. समोर पोरं नव्हती, म्हणून गुरुजींनी मास्तरांनाच पोरं केलं. पुस्तक छातीशी, हनुवटी वर. पुस्तक सरळ आहे हे मी आधी तीनदा तपासलं होतं.

"काय हाय?"

एक चष्मेवाले मास्तर उठले. "ग्रामीण जीवन."

"कुठं बांधलं हाय ते? दोर दाखवा."

हॉल हसला. दुसरे म्हणाले, "निसर्ग." गुरुजी म्हणाले, "निसर्गाले कान किती? कानावर काय बसलं हाय?" हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. बघता बघता मोठमोठे मास्तर खुर्च्या सोडून पुढं आले आणि माशी शोधायला लागले. मी सुखावून बसले होते. एवढ्यात ते चष्मेवाले, बहुधा ग्रामीण जीवन मनाला लागलेलं, म्हणाले, "गुरुजी, आमची परीक्षा झाली. आता खालची ओळ तुम्ही वाचून दाखवा."

ओळ गुरुजींना पाठ होती. पोरांनी शंभरदा वाचली होती. 'बकरी सावलीत बसते' एवढं म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. मी खुर्चीत बसून तोंडातल्या तोंडात तेच पुटपुटत होते.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "म्हनून दाखवू शकतो. वाचून नाही. मले दिसत नाही." मग त्यांनीच पुढं सांगितलं, "दोन वर्सं झाले. मले दिसत नाही म्हनूनच पोट्ट्यायले पाहा लागते."

साहेब उठून त्यांच्याजवळ आले. "कब से?" त्यांनी विचारलं. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. "ये मैडम को मालूम?" मी उभी राहिले. म्हटलं, हो, मालूम.

साहेबांनी गुरुजींच्या हातातलं पुस्तक घेतलं, चाळलं, परत दिलं. शेवटी म्हणाले, "पहली के बच्चे पढ़ते?"

"एप्रिलपावतर वाचतीन," गुरुजी म्हणाले.

"तो मैं अप्रैल में आता. ऐसी किताब लाता जो किसी ने देखी नहीं. पढ़े तो पढ़े. नहीं पढ़े तो तुम दोनों का काग़ज़ ऊपर जाता."

परतीच्या बसमध्ये मी रडत होते आणि गुरुजी खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून हसत होते. "काऊन रडतं? तीन महिने भेटले ना."

त्या तीन महिन्यांत आम्ही काय केलं ते विचारू नका. सातही पुस्तकं पोरांच्या घरी जाऊन आली, त्यांवर हळदीचे, तेलाचे डाग पडले. वेचणीहून आलेल्या आया चुलीपुढं बसून चित्रं बघायच्या आणि सकाळी निरोप पाठवायच्या, की त्या म्हातारीनं सूप भिंतीला टेकवलं आहे, तिला म्हणावं, उंदीर कुरतडतील. माझी आईही एक दिवस येऊन ते पुस्तक बघून गेली. भेगांच्या टाचेवरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "पुस्तकात आपले बी पाय राह्यते वं?" 

शाळेच्या शेवटच्या दिवशी साहेब आले. बोलल्याप्रमाणे एक कोरं पुस्तक घेऊन आले. त्याच लेखिकेचं, आठवं, आमच्याकडे नसलेलं. नांदेडहून मागवलं म्हणे. साहेबांना हिंदीमुळं अक्षरं लागायची. मी पोरांना काही सुचवू नये म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं, तेव्हा मी खिडकीचे गज धरून उभी राहिले.

गुरुजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झाले, शाळेवर स्लॅब आला, कवेलू गेले. ती सात पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, एकाला कोपरा नाही. पण गुरुजी आठवले की मला ते त्या खिडकीतूनच दिसतात: अंगात धुतलेला पांढरा सदरा, पुस्तक छातीशी, हनुवटी वर. आणि एक बोट हवेत.

पहिला गजानन उठला. "बकरी..." म्हणाला आणि थांबला. जवळ जाऊन चित्राला नाक लावलं. "बकरी नाही जी. म्हातारा हाय. बाज विनून राह्यला. पायाच्या अंगठ्यात दोरी धरली हाय."

"आता ओळ," गुरुजी म्हणाले. 

गजाननानं बोट ठेवलं. "आ... जो... बा. आजोबा. बा... ज. बाज. आजोबा बाज वि... ण... तात."

साहेबांनी मान हलवली, पण मान हललेली गुरुजींना दिसणार कशी? आणि त्या पुस्तकात काय लिहिलं आहे हे तर त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या पोराला बोलावलं. त्याचं तेच आलं. तिसरी शालू. नाक पुसून ती पुढं आली, चित्र बघितलं, मग ओळीवर बोट न ठेवता, एका दमात, आपण घरी बोलतो तसं वाचलं, "आजोबा बाज विणतात."

तिघांचं जुळलं होतं. इकडं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गजांना धरून मी हसत होते.  नेहमीचे दोन शब्द गुरुजींना दोनदा म्हणावे लागले.

"आखीन... आखीन काय?"

शालूनं पान वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. नसलेलं सांगायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आखीन काही नाही, गुरुजी. पान संपलं."

"मंग पलटव ना, माय!"